सासूबाईंची टिंबं

ताई, नमस्कार. लग्नाला दीड वर्ष झालं. मी आणि नवरा पुण्यात, सासू-सासरे मिरजेला. आई (सासूबाई) प्रेमळ आहेत, समोर असतात तेव्हा काहीच अडचण नाही. पण व्हॉट्सॲपवर त्यांचा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो. 'फोटो पाहिले... छान आहेत...' 'ठीक आहे...' 'गॅसवाला येऊन गेला... पावती कपाटात ठेवली आहे....' आणि गेल्या रविवारी आमचं मिरजेला जाणं ऐन वेळी रद्द झालं, तेव्हा 'पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या..... असो...' प्रत्येक वाक्याला ही शेपटी. मला वाटतं, त्या काहीतरी मनात ठेवून लिहितात. नवरा म्हणतो, 'आई तशीच लिहिते, तू उगाच अर्थ काढतेस.' मी अंगठा पाठवते आणि गप्प बसते. गंमत म्हणजे मी स्वतः एका विमा कंपनीच्या ॲपसाठी मराठी मजकूर लिहिते आणि तिथे माझे सीनियर माझीच टिंबं खोडत असतात! तर या टिंबांचा नेमका अर्थ काय धरायचा?
– टिंबांनी बेजार, पुणे

प्रिय बेजार,

गॅसच्या मेसेजपासून सुरुवात करते, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. गॅसवाला येऊन गेला, पावती कपाटात ठेवली. यात टोमणा कुणाला? गॅसवाल्याला की कपाटाला? तरीही शेवटी टिंबं आहेत, आणि तीही तीन नाहीत, चार. जी बाई पावतीच्या निरोपालाही टिंबं लावते, तिच्या 'छान आहेत...' वरून 'फोटो आवडलेले दिसत नाहीत' असा अर्थ काढता येणार नाही. एखादी गोष्ट सगळीकडेच असेल तर ती खूण नसते, सवय असते. तुझ्या सासूबाईंकडे स्वल्पविराम, पूर्णविराम आणि नवा परिच्छेद या तिघांचंही काम टिंबंच करतात. खात्री हवी असेल तर घरच्या ग्रुपवर त्यांचे जुने मेसेज वर जाऊन बघ. जावेला, भाच्याला, 'उद्या दूध नको' सांगताना, सगळीकडे टिंबं सापडतील.

ही सवय लागते कुठून, तेही सांगते. त्यांचं वय तू लिहिलेलं नाहीस, पण साठीच्या पुढेमागे असतील असं धरून चालते. म्हणजे त्यांचं पत्रं लिहिण्याचं वय पोस्टकार्डात आणि इनलँडमध्ये गेलं. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली आलं, आणि तेव्हापासून त्याची अडचण एकच: जागा. एका बाजूचा अर्धा भाग पत्त्याला जायचा. उरलेल्यात ति. सौ. आईस सा. न. वि. वि. झालं की खुशाली, पाऊसपाणी, धाकट्याची परीक्षा, आत्याचं दुखणं, दिवाळीला कधी येताय, सगळं बसवायचं. नव्या विषयाला नवी ओळ घेणं ही चैन होती. मग 'इकडे सर्व ठीक... पाऊस बरा आहे... धाकट्याचे पेपर संपले...' असं टिंबांनी विषय तोडत लिहायचं. कुणी आडवी रेघ ओढायचं, कुणी टिंबं द्यायचं. शेवटी ता. क. तर मार्जिनमध्ये उभा लिहिलेला असायचा. त्या टिंबांचा अर्थ एवढाच, की हे झालं, आता पुढचं.

तू आणि तुझ्या मैत्रिणी हेच काम पाठवायचं बटण दाबून करता. 'पोचले' पाठवलं. 'भूक लागलीय' पाठवलं. 'तू कुठेयस' पाठवलं. तीन फुगे, तीन विषय. सासूबाईंच्या लेखी मेसेज म्हणजे एक अख्खं पत्र, तो तुकड्या-तुकड्यांत पाठवायचा नसतो. म्हणून त्यांचे सगळे तुकडे एकाच फुग्यात येतात आणि मध्ये टिंबं पडतात.

बरं, या टिंबांचे नियम त्यांना कुणी शिकवले होते? मराठीत विरामचिन्हांचा इतिहासच मुळी लहान. मोडीत पत्रव्यवहार चालायचा तेव्हा शब्दाशब्दांत जागाही सोडत नसत. पूर्णविराम, स्वल्पविराम ही मंडळी इंग्रजांबरोबर आणि छपाईबरोबर आली. मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने १८५० साली मराठीत विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं. मग ती शाळेच्या व्याकरणात शिरली. त्या यादीत आपल्या टिंबांना लोपचिन्ह म्हणतात. यादीच्या शेवटाकडे कुठेतरी, आणि समजावून काय सांगितलेलं, तर बोलता बोलता विचारमालिका तुटली तर वापरावं. संपलं. पूर्णविरामावर धडा आणि टिंबांवर एक ओळ. मग ज्याने त्याने आपापला वापर शोधला यात नवल नाही.

आता या सवयीच्या आतलं कारण. तुला 'ठीक आहे...' चं भय वाटतं. समज, त्यांनी 'ठीक आहे.' असं लिहिलं असतं, शेवटी एकच ठसठशीत टिंब. बरं वाटलं असतं? मला नाही वाटत. २०१५ साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना फोनवरच्या निरोपांची छोटी उत्तरं वाचायला दिली, काही पूर्णविराम असलेली, काही नसलेली. पूर्णविराम असलेलं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे फोनच्या पडद्यावर पूर्णविराम रागीट दिसतो. तुझ्या पिढीने त्यावर उपाय काढला, पूर्णविराम टाकायचाच नाही. सासूबाईंनाही एकटं टिंब तुटक वाटतं, पण वाक्य उघडं सोडणं त्यांच्या हाताला जमत नाही. मग त्या एकाची तीन करतात. तुम्हा दोघींना एकच गोष्ट टोचते आहे, पळवाटा तेवढ्या वेगळ्या.

मराठीत तर हे जास्तच जाणवतं, कारण आपण बोलताना वाक्य कधी नुसतं ठेवत नाही. 'ये' म्हणत नाही, 'ये गं' म्हणतो, 'ये हं', 'ये बरं का' म्हणतो. हे गं, हं, बरं का काढून टाकले तर 'ये' हा हुकूम होतो. लिहिताना ते अक्षरशः लिहायची सवय नसते, मग त्यांची जागा टिंबं घेतात. एक प्रयोग कर. सासूबाईंचा मेसेज त्यांच्या आवाजात मोठ्याने वाच आणि शेवटच्या टिंबांच्या जागी 'हं' घाल. 'फोटो पाहिले, छान आहेत हं.' 'ठीक आहे हं.' 'पावती कपाटात ठेवली आहे हं.' तिन्ही वाक्यं सुखाने बसतात. तिथे काही शोधू नकोस.

राहिल्या पुरणपोळ्या. आणि इथे मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने नाही.

'पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या हं, असो हं.' बसत नाही ना? कारण या मेसेजमध्ये खरंच काहीतरी आहे. पण ते टिंबांत नाही. सगळी टिंबं पुसून बघ: पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. असो. तेवढंच लागतं, उलट जरा जास्तच. बोच आहे ती 'होत्या' मध्ये. 'केल्या आहेत' नाही, 'केल्या' नाही, 'करून ठेवल्या होत्या'. म्हणजे तुमची वाट बघून झाली आणि ती वेळ निघून गेली. आणि त्याच्यावर 'असो'. मराठी माणसाने 'असो' म्हटलं की समजावं, विषय संपलेला नाही, फक्त बोलणारा थांबलाय. मधली पाच टिंबं बघ. इतरत्र त्या तीन-चारावर भागवतात. या पाचांत एक अख्खं वाक्य गिळलेलं आहे आणि ते वाक्य तुलाही माहीत आहे, त्यांनाही: 'तुम्ही आला नाहीत, मला वाईट वाटलं.' आपल्या घरांमधल्या त्या वयाच्या बायका हे वाक्य लिहीत नाहीत. बोलतही नाहीत. डाळ भिजत घालतात, शिजवतात, कट काढतात, पुरण वाटतात, गॅससमोर उभ्या राहून एकेक पोळी लाटतात, आणि मग टिंबं देतात.

टोमणा आहे का? थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण टोमणा मारणारा माणूस साधारणपणे वाक्य पूर्ण करतो. इथे त्यांनी पूर्ण केलेलं नाही. तुला ऐकावं लागू नये म्हणून, आणि त्याच वेळी तू ते स्वतःहून म्हणावंस म्हणूनही. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आणि यावर तू अंगठा पाठवलास! बाई गं. टिंबांत निदान पुढे बोलायला जागा असते. अंगठ्यानंतर कुणी काय बोलणार? तुझ्या सासूबाई आज तिकडे एखाद्या सल्ल्याच्या सदराला पत्र लिहीत असतील की 'सून नुसता अंगठा दाखवते, काय अर्थ धरायचा?' तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तेव्हा आधी फोन कर. मेसेज नको, फोनच. टिंबांचा विषय काढायचाच नाही. 'आई, तुम्ही इतकं लिहिता तर टिंबं का टाकता' असं विचारलंस की त्यांना कळेल ते एवढंच, की सून आपलं लिहिणं तपासते. मग त्या एक तर लिहायच्या बंद होतील, नाहीतर मुलाला विचारून विचारून लिहितील. पोळ्यांबद्दल बोल. 'आई, तुम्ही एवढं खपलात आणि आम्ही आलोच नाही, मला फार चुटपुट लागली' एवढं म्हण आणि पुढे त्यांना बोलू दे. त्या 'अगं असू दे' म्हणतील, मग सविस्तर सांगतील की पुरण किती छान झालं होतं आणि शेवटी कुणाकुणाला पोळ्या वाटल्या. ते सगळं ऐकून घे. तिथे घाई करू नकोस.

एरवीच्या मेसेजना अंगठ्याऐवजी एक ओळ लिही. 'फोटो पाहिले... छान आहेत...' ला 'तुम्हाला कुठला आवडला?' पुरे. 'ठीक आहे...' ला काहीच नसलं तरी चालेल, ते खरोखरच ठीक आहे. आणि त्यांना आवाजाचे मेसेज पाठवायला शिकवता आलं तर बघ. त्या वयाच्या मंडळींना ते फार आवडतं, आणि तुला सूर कानाने ऐकू येईल, टिंबं मोजावी लागणार नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेव. ज्याला टिंबांची सवयच नाही, त्याने अचानक टिंबं दिली तर मात्र थांबून वाच. तुझी बहीण नेहमी 'ओके' लिहिते आणि एक दिवस 'ओके...' आलं, तर तिला फोन करायला हवा. उलटही खरं. एखाद्या दिवशी सासूबाईंचा मेसेज आला, 'ठीक आहे.' एक टिंब, बस्स. तेव्हा घाबर.

आता तुझं ऑफिस. तिथे तुझे सीनियर बहुतेक ठिकाणी बरोबर असणार, असं न बघताच म्हणते. कारण तिथे तू सासूबाईंसारखी सुनेला लिहीत नाहीस. ज्याने तुला कधी पाहिलं नाही, ज्याला तुझी सवय माहीत नाही आणि ज्याचे पैसे अडकलेत, अशा माणसाला लिहितेस.

टिंबांची खरी अट अशी की गाळलेलं काय आहे ते लिहिणाऱ्याला नक्की माहीत हवं आणि वाचणाऱ्याला ते भरता यायला हवं. सगळ्यांनाच माहीत असेल ते गाळायला तर टिंबंही लागत नाहीत. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.' यात एकही क्रियापद नाही, कुणाचं काही अडलं का? याला आपण अध्याहृत म्हणतो. वर्तमानपत्रात शिवीचं पहिलं अक्षर छापून पुढे टिंबं देतात, ती प्रत्येक वाचक बिनचूक भरतो. टिंबांचा इतका यशस्वी वापर दुसरा नसेल. बोलतानाही 'तो टिंबटिंब' म्हटलं की काम होतं. याच्या दुसऱ्या टोकाला 'आयुष्य... एक प्रवास... आणि आपण...' छापाच्या पोस्ट. तिथे गाळलेलं काय, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. आणि बातम्यांचे मथळे! 'बिबट्या विहिरीत पडला अन्...' अन् काय? बाजेला दोर बांधून वनखात्याने वर काढला, हे पहिल्या ओळीत सांगता आलं असतं. पण आपलं बोट तिथे पडावं म्हणून बिबट्याला टिंबांवर लटकवून ठेवायचं. ही टिंबं मला मुळीच आवडत नाहीत.

विम्याच्या ॲपमध्ये 'तुमचा दावा मंजूर झाला...' असं लिहिलंस तर वाचणारा पुढचा 'पण' शोधत बसेल. 'हप्ता भरला...' वाचून त्याला वाटेल, पैसे मध्येच कुठेतरी अडकलेत, आणि तो पुन्हा भरेल. कारण पडद्यावर टिंबांचा एक ठरलेला अर्थ आहे: काम चालू आहे. 'लोड होत आहे...' म्हणजे अजून व्हायचंय. 'हप्ता भरत आहोत...' ला टिंबं हवीतच, आणि पैसे जमा झाले की 'हप्ता भरला.' तिथे पूर्णविराम रागीट दिसत नाही, दिलासा देतो. दुसरा अर्थ मेन्यूतल्या शब्दांना. 'फाइल निवडा...' म्हणजे हे दाबल्यावर आणखी एक खिडकी उघडेल, तुला पुढे काही सांगावं लागेल. नुसतं 'जतन करा' म्हणजे दाबलं की झालं. संगणकावर हा संकेत फार जुना आहे. तुझ्या सीनियरांनी तिथलीही टिंबं खोडली असतील तर मात्र भांड.

पॉलिसीतला मजकूर थोडक्यात देताना सर्वांत जास्त जपायचं. मूळ वाक्यातले शब्द गाळले की टिंबं देणं हा प्रामाणिकपणा, पण काय गाळलं यावर तो अवलंबून असतो. 'रुग्णालयाचा खर्च मिळेल, मात्र पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांत, अपघात वगळता, मिळणार नाही' याचं 'रुग्णालयाचा खर्च मिळेल...' केलंस, तर टिंबं देऊनसुद्धा ती फसवणूकच. 'मात्र', 'परंतु', 'वगळता' हे शब्द टिंबांखाली कधीही जाता कामा नयेत. परीक्षकाचं 'पहिला अर्धा तास उत्तम, पुढचे दोन तास शिक्षा' हे पोस्टरवर 'उत्तम...' होऊन येतं, तो धंदा सिनेमावाल्यांना करू दे.

बारीकसारीक गोष्टीही सांगून टाकते. टिंबं तीनच. पाच दिली म्हणून दुःख वाढत नाही. चिनी लिपीत सहा टिंबांचा रिवाज आहे, पण तू चिनीत लिहीत नाहीस. टिंबं आधीच्या शब्दाला चिकटून, मग एक जागा. प्रश्न असेल तर त्यांच्यानंतर प्रश्नचिन्ह दे. वाक्याच्या शेवटी आली तर इंग्रजीत काही जण चौथं टिंब पूर्णविराम म्हणून देतात, मराठीत त्याची गरज नाही. आणि बोलणं दुसऱ्याने तोडलं असेल तर टिंबं नाहीत, आडवी रेघ. 'पण मी तर—' म्हणजे कुणीतरी मध्ये बोललं. 'पण मी तर...' म्हणजे बोलणाऱ्याचाच धीर सुटला.

शेवटचं, सीनियरांना सांगता येईल असं. कंपनीचे एसएमएस तूच लिहीत असशील तर बघ. वर्डमध्ये तीन टिंबं टाइप केली की ती आपोआप एकाच अक्षराची होतात. छापील मजकुराला ते चांगलं, ओळ संपताना टिंबं फुटत नाहीत. पण ते एक अक्षर एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात हे एक अक्षर शिरलं की सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या मोठ्या अक्षरसंचात, जातो आणि मर्यादा ७० वर येते. म्हणजे एकाचे दोन-तीन एसएमएस होतात आणि पैसेही तेवढ्यांचे. मराठी एसएमएस देवनागरीमुळे आधीच ७० वर असतो, तिथे फरक नाही. पण इंग्रजीतले नमुने वर्डमधून उचलून चिकटवत असाल, तर ते आजच काढून तपास.

– ताई